पळीभर तेलावर चालणारा मठ: पाटणच्या जंगलवाटेवर

हे या एपिसोडचं लेखी रूप. ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमत नाही, किंवा एसटीत रेंज जाते, त्यांच्यासाठी. बोलताना आलेले माझे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' शक्य तेवढे काढलेत. उरले असतील तर सांभाळून घ्या.

आजचा विषय आहे चाळीसगावजवळचं पाटण. आपण त्याला पाटणादेवी म्हणतो. खानदेशातल्या कितीतरी घरांची ती कुलदेवी. लहानपणी आपण सगळेच तिथे गेलोय. नारळ फोडला, ओटी भरली, डबा खाल्ला, माकडांनी पिशवी पळवली, घरी आलो. मीही तसाच वीस वर्षं जात होतो. पण आपण ज्या झाडीत सतरंजी टाकून पुरी-भाजी खातो तिथे एकेकाळी बाजारपेठेचं गाव होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि त्या गावात गणित शिकवायचा एक मठ होता. त्या मठाचा खर्च कसा चालायचा याचा हिशोब दगडावर कोरून ठेवलाय. तोही मराठीत.

मागच्या नोव्हेंबरात आम्ही चौदा जण तिथे पायी फिरायला गेलो. आठ जण जळगाव-पाचोऱ्याकडचे, पाच जण धुळ्याहून मेमूने आलेले, आणि एक मी, पुण्याहून रात्रीच्या गाडीने. सोबत तिथलेच एक वाटाडे होते. वय साठीच्या पुढे, आम्ही त्यांना आबा म्हणत होतो. तेव्हा हा एपिसोड म्हणजे त्या दिवसाची गोष्ट, अधिक त्या जागेची माहिती, अधिक माझी एक चूक. चूक शेवटाकडे सांगतो.

आधी जागा समजून घेऊ

चाळीसगाव स्टेशनपासून नैर्ऋत्येला साधारण अठरा किलोमीटरवर सातमाळा डोंगररांग खाली उतरते. डोंगराच्या पोटात एक घळ आहे, आणि घळीच्या तोंडाशी पाटण. वर पाहिलं की कन्हेरगड. हा सगळा भाग गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं, क्षेत्र साधारण २६० चौरस किलोमीटर. काही भाग आपल्या जळगाव जिल्ह्यात, बराचसा पलीकडे कन्नड तालुक्यात.

'औट्रम' हे नाव ऐकून मला शाळेत वाटायचं की हा कुठलातरी ऋषी असणार. तो होता जेम्स औट्रम, ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी. १८२५ पासून त्याने खानदेशात भिल्ल कोअर उभी केली. त्याच्या नावावरून घाट, आणि घाटावरून अभयारण्य. आपण मात्र त्याला कन्नड घाटच म्हणतो.

हा घाट म्हणजे खानदेशातून वर मराठवाड्यात, देवगिरी आणि पैठणकडे जायचा रस्ता. नकाशा उघडून एकदा बघा. खाली गिरणेचं खोरं, वर पठार, मध्ये डोंगराची भिंत. भिंतीला जिथे जिथे फट आहे तिथे माल चढतो-उतरतो. माल थांबतो तिथे बाजार बसतो. बाजार असला की जकात येते, आणि जकातीमागोमाग राजा येतो. पाटण इथे का वसलं याचं उत्तर या नकाशात आहे.

चालायला सुरुवात

वनखात्याच्या नाक्यावर नावं लिहिली, शुल्क भरलं. आबांनी पहिली सूचना अहिराणीत दिली: "मोबाईल खिसामा ठेवा. पाय कथा पडी रायना ते देखा."

आमच्यातल्या दोघांना अहिराणी येत नव्हती, पण अर्थ कळला. कारण सूचना देतानाच आबांनी एकाच्या बुटापुढचा दगड काठीने सरकवला होता आणि खाली विंचू होता.

नोव्हेंबरात हे जंगल बघायला छान असतं. पावसाळ्यातली हिरवी भिंत उतरलेली असते, पण उन्हाळ्यातला नुसता काड्यांचा सापळाही झालेला नसतो. साग, धावडा, सालई, पळस, मध्येच अंजन. सीताफळाची झाडं तर इतकी की एक मुलगी म्हणाली, "हे जंगल आहे की कोणाची बाग?" आबा म्हणाले, सीताफळं खा, पण बिया खिशात टाका आणि पुढे कुठेतरी टाकत चला. त्यांच्या दृष्टीने तो प्रवेशशुल्काचा दुसरा हप्ता होता.

वाटेत डोंगरी नदी ओलांडावी लागते. त्या दिवशी पाणी घोट्याएवढं. पण हीच डोंगरी आणि तितूर पुढे चाळीसगावात भेटतात. ३१ ऑगस्ट २०२१ आठवतोय ना? रात्रीतून डोंगरात पाऊस कोसळला, चाळीसगावात पाणी घुसलं, गुरं वाहून गेली, कन्नड घाटात दरड आली. ते पाणी या घळींमधूनच खाली आलं होतं. म्हणून पावसाळ्यात धबधब्याच्या रीलसाठी इथे घुसणाऱ्यांना आबा एकच नियम सांगतात. वर डोंगरावर ढग काळा दिसला, नदीचं पाणी गढूळ झालं, की मागे फिरायचं. पाणी वाढण्याची वाट बघायची नाही. डोंगरातल्या नदीचं पाणी वाढतं ते मिनिटांत.

महादेवाचं देऊळ आणि एक राणी

झाडीतून बाहेर आलो की समोर काळ्या बसाल्टचं महादेवाचं देऊळ येतं. आपण ज्याला सरसकट हेमाडपंती म्हणतो त्या पद्धतीचं. सरसकट म्हणतो, कारण हेमाद्री पंडित तेराव्या शतकातले, आणि हे देऊळ त्यांच्या शंभर एक वर्षं आधीचं आहे.

हे कसं कळलं? देवळातच शिलालेख आहे. त्यातला शक १०७५, म्हणजे इसवी सन ११५३ च्या सुमाराचा. त्या काळी या भागावर निकुंभ घराण्याचं राज्य होतं. स्वतंत्र नव्हे, देवगिरीच्या यादवांसारख्या मोठ्या सत्तांच्या हाताखालचं. निकुंभ राजा इंद्रराजाने देऊळ बांधायला घेतलं आणि काम पूर्ण व्हायच्या आत तो वारला. मुलगा गोवन लहान. मग राणी श्रीदेवीने मुलाच्या वतीने कारभार हातात घेतला आणि देऊळ पूर्ण केलं.

मी हे सांगितल्यावर धुळ्याहून आलेली एक मैत्रीण म्हणाली, "म्हणजे नवऱ्याचं अर्धवट प्रोजेक्ट हिने डिलिव्हर केलं." बरोबर. आणि नावही कोरलं गेलं. आठशे सत्तर वर्षांपूर्वीची खानदेशातली बाई, जिचं नाव आणि काम आपल्याला माहीत आहे. अशी किती नावं आपल्याला माहीत आहेत, एकदा मोजून बघा.

उजाड गाव दिसतं कसं

इथे एक गोष्ट आधीच सांगतो. पडलेलं गाव म्हटलं की आपल्या डोक्यात सिनेमातले मोडके वाडे येतात. इथे तसं काही नाही. माती-विटांची घरं आठशे वर्षं उभी राहत नाहीत. पाऊस पडतो, भिंत विरघळते, तिच्यावर गवत, गवतावर झुडूप, झुडपाच्या मुळांत उरलेला दगड. जे दगडाचं होतं तेवढंच टिकलं, म्हणजे देवळं.

मग गाव बघायचं कसं? आबांनी तीन खुणा दाखवल्या. एक, निसर्गात सरळ रेघ क्वचित असते. झाडीत दगड एका ओळीत दिसले तर ते जोतं असू शकतं. दोन, नदीच्या गोट्याला कोपरा नसतो. काटकोनात घडवलेला दगड दिसला की तो कुणाच्या तरी हातचा. तीन, उंचवटा. सपाटीवर विनाकारण कमरेएवढा उंचवटा असेल तर खाली पडलेली भिंत असू शकते.

एवढं कळल्यावर गंमत झाली. दहा मिनिटांपूर्वी जी नुसती झाडी होती, तीत आमची मंडळी कोपरे शोधायला लागली. आबा एका मोकळ्या जागेकडे काठी करून म्हणाले, "आठे बजार भरे." ते त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं. बाजार नेमका तिथेच भरायचा का, ते मी छातीठोक सांगणार नाही. पण पाटणला बाजार भरायचा, हे मात्र नक्की. कारण त्याची पावती देवीच्या देवळात आहे.

दगडावरचा तो हिशोब

आता मुख्य गोष्ट. थोडी सावकाश वाचा.

मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड, ज्यांच्या नावाचं भायखळ्याला म्युझियम आहे, ते डॉक्टर तर होतेच, शिवाय जुने शिलालेख वाचायचे. चाळीसगावजवळच्या पाटण नावाच्या उजाड गावात, देवीच्या देवळातला एक लेख त्यांनी वाचला आणि १८६५ मध्ये त्याची माहिती छापली. म्हणजे १८६५ मध्येच हे गाव उजाड होतं. पुढे कीलहॉर्न या जर्मन संस्कृत पंडिताने 'एपिग्राफिया इंडिका'च्या पहिल्या खंडात लेखाची पूर्ण वाचनप्रत दिली.

लेख काय सांगतो? देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी होता चांगदेव. (संत चांगदेव वेगळे, गोंधळ नको.) या चांगदेवाने पाटणला एक मठ काढला. कशासाठी? आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून. आणि आजोबा कोण? भास्कराचार्य. लीलावतीवाले.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' लिहिला. त्याचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. शिलालेखात या घराण्याची वंशावळच दिली आहे. वडील महेश्वर, मग भास्कर, त्यांचा मुलगा लक्ष्मीधर, त्याचा मुलगा चांगदेव. लक्ष्मीधराबद्दल लिहिलंय की यादव राजा जैत्रपालाने त्याला या गावातून नेलं आणि आपल्या दरबारात पंडितांचा प्रमुख केलं. म्हणजे आपल्याकडची हुशार पोरं मोठ्या शहरात नोकरीला जातात, ही तक्रार १२०७ मध्येही होतीच म्हणायची. मी स्वतः पुण्यात बसून हे बोलतोय, त्यामुळे जास्त काही बोलत नाही.

१२०७ हा आकडा कुठून आला? लेखात शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावण पौर्णिमा आणि चंद्रग्रहण असा उल्लेख आहे. ग्रहण खोटं लिहिता येत नाही, कारण ते मागे मोजता येतं. कीलहॉर्नने मोजलं आणि तारीख निघाली ९ ऑगस्ट १२०७. आमच्या भाषेत हा व्हेरिफाय करता येणारा टाइमस्टॅम्प. ज्योतिर्गणित करणाऱ्यांच्या मठाला दान मिळालं तेही ग्रहणाच्या दिवशी.

दान कोणी दिलं? निकुंभ राजा सोइदेवाने. तो गेल्यावर त्याचा भाऊ हेमाडिदेवानेही दिलं. आणि इथे लेखाची भाषा बदलते. वरचा राजे-पंडितांचा भाग संस्कृतात आहे. खाली पैशाचा विषय निघाला की लेख मराठीत येतो.

मराठी भागात काय आहे ते माझ्या शब्दांत सांगतो. या पाटणात जो माल विकायला उघडेल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जो कर मिळायचा, तो आता मठाला. काही व्यवहारांत गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या. तेलाच्या प्रत्येक घाण्यामागे एक पळी तेल. आणि इथे जे काही मोजायचं ते मठाच्याच मापाने मोजायचं, मापाईतला वाटा मठाला.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये होतो, आणि खरं सांगतो, जेवण थंड झालं. कारण ही माहिती कुण्या राजाची स्तुती नव्हती. हा रेव्हेन्यू मॉडेल होता. घाण्यावर बसलेल्या तेल्याची एक पळी, बैलावर माल आणलेल्या व्यापाऱ्याचा थोडा वाटा, आणि त्यातून मुलांना गोलाध्याय शिकवायचा. तेल्याला गोलाध्याय कळत असेल-नसेल. पण दिवा त्याच्या तेलावर जळत होता.

मराठीत का लिहिलं? कारण सरळ आहे. ज्यांनी पैसे द्यायचे त्यांना कळलं पाहिजे. वाचता येत नसेल तर कोणी वाचून दाखवल्यावर कळलं पाहिजे. आजही बँकेच्या अर्जातल्या अटी इंग्रजीत आणि सही मात्र आपली, असं असतं. ते आठवून बघा.

त्या मठात नेमकं शिकवायचे काय?

एक नमुना देतो. असे दोन पूर्णांक शोधा की पहिल्याचा वर्ग म्हणजे दुसऱ्याच्या वर्गाची ६१ पट, अधिक १. ऐकायला सोपं. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६५७ मध्ये हे गणित युरोपातल्या लोकांना आव्हान म्हणून घातलं. सर्वांत लहान उत्तर आहे: पहिली संख्या १७६६३१९०४९ आणि दुसरी २२६१५३९८०.

मी आधी सरळ प्रोग्रॅम लिहिला, दुसरी संख्या एकेक वाढवत जाणारा. म्हणजे बावीस कोटींहून जास्त फेऱ्या. लॅपटॉपचा पंखा ओरडायला लागला. मग भास्कराचार्यांच्या बीजगणितातली चक्रवाल पद्धत वापरली. अंदाजाने एक जवळचं उत्तर घ्यायचं, त्यात किती चूक आहे ते बघायचं, आणि त्या चुकीच्याच मदतीने पुढचं जास्त चांगलं उत्तर बनवायचं. चाकासारखं फिरत फिरत चूक १ वर येते. ६१ चं उत्तर हाताने, एका कागदावर निघतं. फर्माच्या पाचशे वर्षं आधी बीजगणितात हेच ६१ चं उदाहरण सोडवून दाखवलंय.

व्हॉट्सॲपवरची दोन वाक्यं दुरुस्त करू

पाटणबद्दल फॉरवर्ड फिरतात, म्हणून हे बोलणं भाग आहे.

पहिलं, "भास्कराचार्यांचा जन्म पाटणलाच झाला, हे शिलालेखाने सिद्ध केलंय." शिलालेख तसं म्हणत नाही. तो नातवाच्या मठाबद्दल आहे, आणि मुलाला राजाने इथून नेल्याबद्दल आहे. भास्कराचार्य स्वतः आपल्या गावाचं नाव विज्जलविड देतात, सह्य पर्वताच्या आसऱ्याचं गाव. ते म्हणजे पाटण की विजापूर की आणखी कुठलं, यावर अभ्यासकांत वाद आहे. मात्र या घराण्याचा आपल्या भागाशी संबंध पक्का आहे. चाळीसगाव तालुक्यातच गिरणेकाठी बहाळ आहे. तिथल्या शके ११४४ च्या लेखात भास्कराचार्यांच्या भावाचा नातू अनंतदेव भेटतो, तोही सिंघणाच्या दरबारातला ज्योतिषी. एका तालुक्यात एकाच घराण्याचे दोन लेख. एवढं खरं असताना वर खोटं जोडायची गरज काय?

दुसरं, लीलावती ही त्यांची मुलगी आणि घटिकापात्रात मोती पडल्यामुळे तिचा मुहूर्त चुकला, ही गोष्ट. गोष्ट गोड आहे. पण ती मिळते अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेहून जास्त वर्षांनी. गोष्ट म्हणून जरूर सांगा, पुरावा म्हणून सांगू नका.

गाव गेलं, ग्रंथ राहिला

जेवायला बसलो तेव्हा एकाने विचारलं, "मग मठाचं पुढे काय झालं?"

आपण हिशोबावरूनच विचार करू. मठाचं उत्पन्न बाजारावर. बाजार चालणार तो वाट वाहती असेल आणि वर देवगिरीची सत्ता टिकली तर. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला, १३१८ पर्यंत यादवांचं राज्य संपलं. दान देणारे गेले. माल उघडणार नाही तर कर नाही, घाणा फिरणार नाही तर पळी नाही. पळीच नसेल तर दिवा कशाने लावणार?

पण तोपर्यंत लीलावतीच्या नकला देशभर झाल्या होत्या. लोकांनी हाताने उतरून घेतल्या, टीका लिहिल्या, आपापल्या भाषेत नेल्या. मग फारसीत गेली, १८१७ मध्ये कोलब्रुकने इंग्रजीत नेली. आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणतो, ज्याची एकच कॉपी आहे त्याची कॉपीच नाही असं समजा. ग्रंथाच्या हजार कॉप्या होत्या म्हणून तो वाचला. गावाची कॉपी नव्हती.

आणि आता बघा, दगडाचीही कॉपी नाही. वाचन छापलेलं आहे, पण दगड एकच. तो आपल्या हातात आहे, आणि इथेच माझी चूक येते.

माझी चूक

२०१६ साल. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. चार जण दोन बाईकवर पाटणला आलो. झाडीत कडेला एक झिजलेलं शिल्प पडलेलं होतं, हातात शस्त्र घेतलेला माणूस. फोटोत नीट येत नव्हतं. माझ्या बॅगेत कॉलेजचा खडू होता. मी अख्ख्या आकृतीवर खडू घासला. पांढरी रेघ न् रेघ उठून दिसली. फोटो भारी आला. दोनशेच्या वर लाईक्स.

मग वाटलं, असं सोडून जाणं बरं नाही. पाणी ओतलं, खडू जाईना. म्हणून बाईकच्या डिकीतला तारेचा ब्रश काढला आणि घासलं. मला वाटलं मी साफ करतोय.

यावेळी आबा आम्हाला त्याच दगडाकडे घेऊन गेले. त्यांना माहीत नव्हतं. चेहरा आधीच झिजलेला होता, आता त्यावर आडव्या बारीक रेघा आहेत, समांतर, ब्रशच्या रुंदीच्या. नाक होतं तिथे सपाट. आबा सगळ्यांना सांगत होते, "कोनी तरी तारना ब्रश मारेल शे." मी थोडा वेळ गप्प राहिलो. गप्प राहिलो असतो तर कोणाला कळलंही नसतं. मग सांगितलं.

आबांनी माझ्याकडे बघितलं. "हाई तू करेल शे?"

"हो आबा."

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी मला दगडासमोर बसवलं आणि म्हणाले, आता या पोरांना सांग, काय केलं आणि का केलं, म्हणजे बाकीचे करणार नाहीत. म्हणून तिथे सांगितलं, आणि म्हणून इथेही सांगतोय. आठशे वर्षांच्या उन्हापावसाने केलं नाही ते मी दहा मिनिटांत केलं, आणि ते अनडू होत नाही.

कायद्याचंही सांगतो. पाटणचं महादेवाचं देऊळ आणि वरची लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणात आहेत. १९५८ च्या कायद्यात, २०१० च्या दुरुस्तीनंतर, संरक्षित वास्तूची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नाव कोरणं, रंग लावणं हेही त्यात आलं.

मग फोटो काढायचा कसा?

याचं उत्तर तुमच्या खिशातच आहे. दोन फोन घ्या. एकाचा टॉर्च लावा आणि दगडाच्या अगदी बाजूला, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. समोरून नाही, बाजूने. उथळ अक्षरालाही सावली पडते आणि ते उठून येतं. दुसऱ्या फोनने फ्लॅश बंद ठेवून फोटो काढा. मग टॉर्च डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून फिरवत चार फोटो काढा. एका दिशेने न दिसलेली रेघ दुसऱ्या दिशेने दिसते. दगडाला हात लावायचा नाही. खडू, पीठ, तेल, पाणी काहीच नाही. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी गेलात तर सूर्यच हे काम फुकट करतो. देवळाच्या आत मात्र आधी पुजाऱ्यांना विचारा.

आम्ही त्या दिवशी हेच केलं. त्या शिल्पाचे चार बाजूंनी फोटो काढले. माझ्या ब्रशच्या रेघा त्यात स्पष्ट दिसतात. काढून टाकल्या नाहीत, राहू दिल्या. ती पण नोंदच.

जाणार असाल तर

ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. चाळीसगावपर्यंत रेल्वे, पुढे गाडी किंवा रिक्षा. नाक्यावर नोंद करा, स्थानिक वाटाड्या सोबत घ्या. त्याला दिलेले पैसे म्हणजे तुमची पळी. ताकद असेल तर कन्हेरगडाच्या अंगाला असलेली जैन लेणी नागार्जुन कोठडी आणि सीतेची न्हाणी बघा. पलीकडे पठाराच्या बाजूला पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत, इसवी सनापूर्वीची. तिथे पैठणच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने दिलेल्या दानाचा लेख आहे. म्हणजे ही वाट पाटणच्याही हजारेक वर्षं आधीपासून वाहती होती. पाणी दोन लिटर न्या. कड्याला आग्यामोहोळं असतात, त्यामुळे अत्तर, धूर आणि स्पीकर नको. बिबट्याचं जंगल आहे, अंधाराच्या आत खाली या.

परत निघताना आबांना विचारलं, पुढच्या वेळी किती जण आणू? म्हणाले, चौदा पुष्कळ झाले, दहा आणा. आणि त्यातले दोन शाळेतले आणा.

पुढच्या एपिसोडमध्ये गिरणेकाठच्या बहाळला जाऊ, अनंतदेवाच्या लेखाकडे. कोणाच्या घरी बहाळचे पाहुणे असतील तर एक कप चहाची सोय करून ठेवा. भेटू, रामराम!